सातवीचा इतिहास आणि वेशीबाहेरचा प्रश्न

शाळेच्या दप्तरात इतिहासाचे पुस्तक बहुधा सर्वांत पातळ असते, आणि समाजात सर्वांत जास्त भांडण त्याच्यावरूनच होते. गणिताच्या पुस्तकासाठी कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. इतिहासाच्या पुस्तकातली एक ओळ बदलली की मंत्रालयापासून पानटपरीपर्यंत माणसे तावातावाने बोलू लागतात. याचा अर्थ उघड आहे. या देशात सत्ता कोणाची असावी, पाहुणा कोण आणि घरधनी कोण, याचा निवाडा आपण न्यायालयात कमी आणि इतिहासाच्या पुस्तकात जास्त करतो.

२०१७ साली महाराष्ट्रात सातवीचे इतिहासाचे पुस्तक बदलले. दिल्लीचे सुलतान आणि मुघल बादशहा यांच्यावरचा भाग आक्रसून ‘शिवपूर्वकालीन भारत’ या एका पाठात जाऊन बसला. वर्तमानपत्रांतून काही दिवस वाद झाला. २०२३ साली केंद्राच्या बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबारावरचे प्रकरण गेले. २०२५ साली केंद्राच्या सातवीच्या नव्या पुस्तकातून सुलतान आणि मुघल गेले आणि आठवीच्या नव्या पुस्तकात वेगळ्या सुरात आले. प्रत्येक वेळी वादाला दोनच बाजू होत्या. एक बाजू म्हणत होती, परकीय आक्रमकांचे कौतुक मुलांना कशाला? दुसरी बाजू म्हणत होती, अकबर आणि ताजमहाल हा आपला वारसा आहे. दोन्ही बाजूंची माणसे शिकलेली होती, आणि दोघांचेही पूर्वज कोणत्या ना कोणत्या दरबारात, कचेरीत, निदान चावडीच्या आत बसलेले होते. ज्याचे पूर्वज चावडीच्या पायरीखाली उभे होते, त्याच्या पोराला या इतिहासाशी काय देणेघेणे आहे, हे कोणी विचारले नाही. या लेखापुरता माझा प्रश्न तो आहे.

मी देवळ्याला महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात सहावी ते आठवीच्या मुलांचा वर्ग घेतो. त्यात बौद्ध मुले जास्त. पण भिल्लांची आहेत, तांबोळी-पिंजाऱ्यांची आहेत, कांद्याच्या खळ्यावर कामाला जाणाऱ्या मराठा आईबापांचीही आहेत. एकच कालखंड मी आठवड्यातून दोनदा शिकवतो. बी.ए.चा विद्यार्थी मला उत्तर लिहून देतो. सातवीचा विद्यार्थी मला प्रश्न विचारतो. इतिहास कोणाकडून शिकावा म्हटले, तर मी सातवीच्या पोरांकडून म्हणेन.

दिल्लीच्या सुलतानांचा पाठ चालू होता. कुतुबुद्दीन ऐबक हा विकत घेतलेला गुलाम होता आणि १२०६ साली तो सत्ताधीश झाला, हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. इल्तुतमिश, तोही गुलाम. बल्बन, तोही एके काळी बाजारात विकला गेलेला. मग एका मुलीने विचारले, ‘सर, गुलाम बादशहा झाला, तर आपला माणूस का नाही झाला?’

हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात नाही. पण इस्लामी राजवटींचा सगळा इतिहास दलितांच्या बाजूने वाचायचा असेल, तर त्याची किल्ली याच प्रश्नात आहे.

गुलाम आणि अस्पृश्य

गुलामी ही भयंकर गोष्ट आहे, हे आधी सांगितले पाहिजे. अब्बासी खलिफांच्या साम्राज्यात, आजच्या दक्षिण इराकमध्ये, बसऱ्याजवळच्या खारट दलदलीत आफ्रिकेतून आणलेले काळे गुलाम जमीन साफ करण्याच्या कामावर मरत होते. ८६९ साली त्यांनी बंड केले आणि ८८३ पर्यंत, तब्बल चौदा वर्षे, खलिफाच्या फौजांशी ते लढले. इतिहासात त्याला झंज बंड म्हणतात. बगदादचे ग्रंथालय, तिथले भाषांतरकार, आपल्या देशातून तिकडे गेलेले अंक, हे सगळे मुलांना सांगावेच. पण बगदादच्या वैभवाबरोबर बसऱ्याची दलदलही सांगावी. तीही त्याच साम्राज्यात होती.

तरीही गुलामाला एक दार होते. मालकाला तो हुशार वाटला तर त्याला शिक्षण मिळे, शस्त्र मिळे, मुक्ती मिळे. आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण मलिक अंबरचे. तो १५४८ च्या सुमारास आफ्रिकेत इथिओपियात जन्मला. बालपणी विकला गेला, बगदादच्या बाजारातून फिरत दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता-करविता झाला. त्याने जमिनीची मोजणी करून महसुलाची घडी बसवली, खडकी हे शहर वसवले, नहरीने शहरात पाणी खेळवले आणि १६२६ साली मरेपर्यंत मुघलांना दख्खनमध्ये सुखाने झोपू दिले नाही. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, खाली ती नहर कुठे कुठे अजून आहे.

विकलेला परदेशी मुलगा वजीर होऊ शकला आणि त्याच राज्यातला गावचा महार वेशीवर भाकरी मागत राहिला. कारण गुलामी ही माणसावर आलेली अवस्था होती; ती येई तशी जाऊही शके. अस्पृश्यता जन्माला चिकटलेली होती. तिची किंमत मोजून सुटका करून घेण्याची सोय नव्हती, कारण अस्पृश्याचा कोणी एक मालक नव्हता. सगळे गावच मालक होते. गुलामाला निदान मालकाने पोसायचे असते, कारण त्याच्यात पैसा गुंतलेला असतो. अस्पृश्यात कोणाचा पैसा गुंतलेला नव्हता. बाबासाहेबांनी गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करून अस्पृश्यता ही अधिक वाईट ठरवली, त्यामागे हाच विचार आहे. मुलीच्या प्रश्नाला हे पहिले उत्तर.

बरनीची लेखणी

पण तेवढ्याने भागत नाही. इस्लाम समतेचा धर्म आहे, मग त्या धर्माच्या राजांनी जात का मोडली नाही, असा पुढचा प्रश्न येतो. आपल्या चळवळीतलेही काही मित्र उत्साहाच्या भरात सुलतानांना जातिअंताचे सैनिक करून टाकतात. ब्राह्मणी इतिहासकारांनी ज्याला खलनायक केले, तो आपला नायक, असे सोपे गणित ते मांडतात. हे गणित चुकीचे आहे.

धर्म एक सांगतो आणि दरबार दुसरे करतो. चौदाव्या शतकात दिल्लीत झियाउद्दीन बरनी नावाचा इतिहासकार होऊन गेला. सुलतानांच्या काळाची आपली बरीचशी माहिती त्याच्याच लेखणीतून येते. त्याने राज्यकर्त्यांना उपदेश करणारा एक ग्रंथही लिहिला. त्यात तो म्हणतो की हीन कुळातल्या लोकांना लिहा-वाचायला शिकवू नये; नमाज-रोजाचे नियम कळण्यापुरते शिकवले की पुरे, कारण ते शिकले तर कुलीनांच्या जागा घेतील. मनुस्मृती वाचलेल्या माणसाला हा आवाज ओळखीचा वाटेल. धर्म वेगळा, भाषा वेगळी, लिपी वेगळी. भीती मात्र तीच. खालच्याने अक्षर गिरवले की वरच्याची झोप उडते.

स्वतः गुलाम राहिलेला बल्बन हीन कुळातल्या माणसाला नोकरी देत नसे, त्याचे तोंडही पाहत नसे, असे बरनी कौतुकाने लिहितो. गुलामीतून वर आलेला माणूस आपोआप शोषितांचा होत नाही. आजही खुर्चीवर बसल्यावर वस्तीचा रस्ता विसरणारे आपण पाहतो. बल्बन त्यांचा पूर्वज.

आता महंमद तुघलक घ्या. कोणालाही विचारा, ‘वेडा महंमद’ असेच उत्तर येईल. कोणी लहरी निर्णय घेतला की त्याला आपण तुघलकी कारभार म्हणतो. त्याची तांब्या-पितळेची नाणी फसली, दुआबातल्या शेतकऱ्यांवर त्याने जाचक कर लादला, त्याच्या शिक्षा क्रूर होत्या. यातले काही झाकण्याचे कारण नाही. पण बरनीचा त्याच्यावरचा राग आणखी एका गोष्टीसाठी होता. तुघलकाने माळी, विणकर, न्हावी, दारू गाळणारा अशा हलक्या समजल्या जाणाऱ्या कुळांतली माणसे मोठ्या पदांवर नेमली. बरनी त्या माणसांची नावे घेऊन संतापतो. स्वतः बरनी कुलीन घराण्यातला होता. तेव्हा मुलांना मी एवढेच विचारायला सांगतो: ‘राजा वेडा होता’ असे लिहिणारा कोण होता? त्याचे काय बिघडले होते? इतिहास वाचताना आधी लेखकाची जागा पाहावी, मग राजाची. ही सवय सातवीत लागली, तर उद्या वर्तमानपत्र वाचतानाही ती उपयोगी पडेल.

भिंत कोणी बांधली

१३२७ साली तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिला दौलताबाद नाव दिले. या पाठावर परीक्षेत प्रश्न येतो: राजधानी का हलवली? उत्तरे ठरलेली आहेत. दौलताबादच्या तटबंदीचे दगड कोणी वाहिले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

त्याच काळातली एक नोंद आपल्याकडे आहे, पण ती इतिहासाच्या नव्हे, मराठीच्या पुस्तकात सापडते. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून दगाडाखाली गाडले गेले. परंपरा हे साल १३३८ देते. त्या वेळी महाराष्ट्रावर तुघलकाचा अंमल होता. म्हणजे सनावळीच्या एका रकान्यात दौलताबाद आणि दुसऱ्या रकान्यात मंगळवेढे, अवघ्या अकरा वर्षांच्या अंतराने. एक पान भक्तीचे म्हणून फाडून मराठीच्या शिक्षकाला दिले, दुसरे पान सत्तेचे म्हणून इतिहासाच्या शिक्षकाला दिले. दोन्ही पाने शेजारी ठेवली की वेठबिगार दिसू लागते. ज्या गावाच्या आत राहण्याची परवानगी नाही, त्याच गावाचे कूस बांधताना आपला सर्वांत मोठा संतकवी मेला. दिल्लीच्या तख्तावर कोण होते याने त्या दगडाचे वजन कमी झाले नाही.

हेच पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाचे. बहामनी काळात बुरुज उभा राहीना म्हणून पायात जिवंत माणसांचा बळी दिल्याची आख्यायिका आहे, आणि त्या आख्यायिकेतली नावे महारांची आहेत. आख्यायिका शब्दशः खरी असो वा नसो, किल्ल्याच्या पायात कोण असते याविषयीची लोकांची समजूत तीत खरी आहे.

बावन्न हक्कांची सनद

बहामनी बादशहाची आणखी एक गोष्ट आपल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असे. बेदरच्या बादशहाची बेगम हरवली. ती शोधून आणण्याचे काम अमृतनाक नावाच्या महाराने पत्करले. जाण्यापूर्वी त्याने बादशहाकडे एक बंद पेटी ठेवली. बेगमेला घेऊन परत आल्यावर त्याच्यावर संशय घेतला गेला, तेव्हा त्याने पेटी उघडायला सांगितली. आपले पुरुषत्व त्याने आधीच कापून त्या पेटीत ठेवले होते. बादशहा प्रसन्न झाला, म्हणाला काय हवे ते माग. अमृतनाकाने स्वतःसाठी काही मागितले नाही. जातीसाठी बावन्न हक्क मागितले. १९३८ साली अलेक्झांडर रॉबर्टसन यांनी महारांवर लिहिलेल्या पुस्तकातही ही सनदेची परंपरा नोंदली गेली आहे.

ही गोष्ट सांगितली की वर्गात पोरांच्या माना ताठ होतात. आपला माणूस, बादशहासमोर, एवढा त्याग! मी त्यांना थोडा वेळ तसेच राहू देतो. मग हक्कांची यादी सांगतो: मेलेल्या ढोराचे कातडे, प्रेतावरचे वस्त्र, खळ्यावरचे उरलेसुरले धान्य, सणाची भाकरी. यादी संपेपर्यंत माना हळूहळू खाली येतात. देहाचे दान करून मागितले काय, तर मढ्यावरचे कापड!

या गोष्टीत आपल्या लोकांचा अभिमान आणि आपल्या लोकांची कोंडी, दोन्ही एकत्र आहेत. आमचे हक्क कुलकर्ण्याने दिलेले नाहीत, खुद्द बादशहाने दिले आहेत, असे सांगून गावाशी भांडण्याचे बळ त्यांनी या सनदेतून घेतले. आणि त्याच सनदेने त्यांना मढ्याशी, ढोराशी, पाटलाच्या निरोपाशी बांधून ठेवले. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले, १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही बांधणी तोडण्यासाठी. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. बहामनी गेले, आदिलशाही-निजामशाही गेली, मुघल गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले. वतन त्या सगळ्यांना पुरून उरले. यावरून मुलांना कळते की गावगाडा दिल्लीच्या किंवा बेदरच्या तख्तापेक्षा जुना आणि चिवट होता.

तो का टिकला? कारण प्रत्येक तख्ताला त्याची गरज होती. सुलतानाला महसूल हवा होता. महसूल गोळा करायला देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हवे होते. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने १५३५ नंतर महसुलाचे दप्तर फारसीतून काढून इथल्या भाषेत आणले आणि कचेऱ्यांत ब्राह्मण कारकुनांचा भरणा झाला. तेव्हा मुसलमानी राज्यात हिंदू दबले होते, हे वाक्य अर्धवट आहे. कोणते हिंदू? जिझिया कर होता. अकबराने तो १५६४ मध्ये उठवला आणि औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा बसवला. मंदिरेही फोडली गेली. हे सांगायचेच. पण ज्या मंदिरात आपल्याला पाऊल ठेवता येत नव्हते, त्या मंदिराच्या दुःखात आपले दुःख बुडवून टाका, असे मात्र कोणी आपल्याला सांगू नये. १९३० ते १९३५ या काळात नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार आपल्यासाठी कोणत्या सुलतानाने बंद ठेवले नव्हते. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू ही पेशव्यांच्या पुण्याची गोष्ट आहे, आणि बाबासाहेबांनी ती १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त लिहून ठेवली आहे.

दौलताबादचे तळे

आता याची दुसरी बाजू. तीही तितक्याच स्पष्टपणे शिकवली पाहिजे, नाहीतर आपण अर्धे सत्य सांगणाऱ्यांच्या पंगतीत बसू.

१९३४ च्या सुमारास बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. मंडळी नाशिकला एकत्र जमली आणि तिथून औरंगाबादकडे गेली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. प्रवासाच्या धुळीने अंग भरले होते. किल्ल्याच्या दाराबाहेर एक छोटे तळे होते. काहींनी त्याच्या पाण्याने हातपाय आणि तोंड धुतले. दारात पोचतात तोच मागून पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत आला: धेडांनी तळे बाटवले! पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. रमजानचा महिना होता. शेवटी बाबासाहेबांनी त्यांना विचारले, की हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला हे पाणी घेऊ द्याल की नाही? तुमचा धर्म हेच शिकवतो काय? जमाव गप्प झाला. किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद पहारेकरी. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

तोच देवगिरी, तोच दौलताबाद. यादवांचा, खिलजीचा, तुघलकाचा, निजामशाहीचा, मुघलांचा, निजामाचा. सहाशे वर्षांत किल्ल्यावरचे निशाण कितीदा तरी बदलले. तळ्याचा नियम बदलला नाही. मला वाटते, मध्ययुगीन भारतावरचा कोणताही पाठ या तळ्याशिवाय पुरा होत नाही.

आणि मग तिसरी गोष्टही सांगायची. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर सवर्णांनी आपल्या लोकांवर हल्ला केला, तेव्हा कित्येकांना मुसलमानांच्या घरात आसरा मिळाला. दौलताबादचा मुसलमान आणि महाडचा मुसलमान, दोघेही खरे. माणसाला एका शब्दात बसवता येत नाही, हे मुलाला दोन तळ्यांच्या या दोन गोष्टींतून जेवढे कळते तेवढे राष्ट्रीय एकात्मतेच्या भाषणातून कळत नाही.

वर्गातला मुसलमान मुलगा

माझ्या वर्गातला एक मुलगा एका रविवारी आला तो गप्प होता. त्याच्या शाळेत सातवीचा पाठ शिकवताना गुरुजींनी ‘आक्रमक’ हा शब्द उच्चारून त्याच्याकडे पाहिले होते. नुसते पाहिले होते. सगळ्या वर्गाने मग त्याच्याकडे पाहिले. एवढ्याने बारा वर्षांच्या पोराला औरंगजेबाचा वारस करता येते.

आपल्याला हे पाहणे ठाऊक आहे. ‘चमार’, ‘महार’ हे शब्द पुस्तकात आले की वर्गाच्या माना कोणाकडे वळत, हे आपल्या आधीच्या पिढीने भोगले आहे. म्हणून या मुलाची बाजू घेणे हे आपल्यावर कोणाचे उपकार म्हणून नाही. तो आपलाच जुना अनुभव आहे, दुसऱ्याच्या वाट्याला आलेला.

मग मी मालेगावचा पाठ घेतला, जो कोणत्याच पुस्तकात नाही. मालेगाव आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. तिथला किल्ला १७४० च्या सुमारास नारोशंकर राजेबहादर या पेशव्यांच्या ब्राह्मण सरदाराने बांधला. बांधकामासाठी सुरतेकडून आणि उत्तरेकडून कारागीर आणले. त्यांत मुसलमान होते आणि ते तिथेच वसले. पुढे १८५७ नंतरची धरपकड आणि दुष्काळ यांमुळे उत्तरेकडचे मोमीन विणकर पोट हातावर घेऊन मालेगावला आले. हातमाग गेला, यंत्रमाग आला. त्यांचे पोट अजून सुतावरच आहे. यातला कोणता माणूस तलवार घेऊन आला? बादशहाच्या फौजेचा इतिहास वेगळा आणि विणकराचा इतिहास वेगळा. पिंजारी, तांबोळी, खाटीक, मोमीन ही बलुतेदारांची, कारागिरांची माणसे. मुसलमानांतल्या अश्रफ, अजलफ आणि अर्जल या उतरंडीची १९०१ च्या जनगणनेतली नोंद बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात मुद्दाम उद्धृत केली आहे. तिथेही वर कुलीन आणि तळाला झाडूवाला आहे.

आणि फौजांचा इतिहास तरी किती सरळ आहे? आमच्या बागलाणात मुल्हेर-साल्हेरवर बागुल राजे होते, हिंदू. त्यांची नावे पाहा: नारायणशहा, प्रतापशहा, बैरामशहा. १६३८ साली मुल्हेर औरंगजेबाच्या फौजेच्या हाती गेला आणि बैरामशहा मुघलांचा मनसबदार झाला. १६७२ साली साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवले. तिथे मराठ्यांकडून सूर्याजी काकडे पडले, आणि मुघलांकडून पडलेला सरदार होता अमरसिंग चंदावत, राजपूत. हिंदू विरुद्ध मुसलमान हे कुलूप या किल्ल्यांच्या कोणत्याच दाराला नीट बसत नाही. शिवाजी महाराजांची थोरवी त्या कुलपावर अवलंबूनही नाही. जोतीरावांनी १८६९ च्या पोवाड्यात त्यांना कुळवाडीभूषण म्हटले. कुणब्याच्या काडीची चौकशी करणारा राजा, ही ओळख त्यांना पुरेशी आहे.

शिकवायचे कसे

शिक्षक मित्रांसाठी तीन साध्या गोष्टी सांगतो. पाठ्यपुस्तक कोणतेही असो, त्या करता येतात.

पहिली, शब्दांची. मुलांना सात-बाराचा उतारा, तहसीलची नोटीस, कोर्टाचा कागद आणायला सांगावे आणि शब्द वेचायला लावावेत. अर्ज, हुकूम, तालुका, जमीन, जामीन, वकील, फिर्याद, दाद, हक्क, इनाम, वतन, मजूर, गरीब. हे शब्द फारसी-अरबीतून आले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले; तरी हे शब्द लोकांच्या तोंडातून गेले नाहीत. ‘हक्क’ हा शब्द परका म्हणून काढून टाकला, तर आपली निम्मी चळवळ मुकी होईल.

दुसरी, वास्तूची. जवळचा किल्ला, मशीद, बारव, वेस दाखवावी. आमच्या मुलांसाठी चांदवडजवळचा इंद्राई आहे. त्यावर शहाजहानच्या काळातला फारसी शिलालेख आहे. शिलालेखात किल्ला जिंकणाऱ्याची नोंद सापडते. पायऱ्या खोदणाऱ्याची सापडत नाही. ती गैरहजेरी मुलांना वहीत लिहायला सांगावी. ‘इथे कोणाचे नाव नाही?’ हा प्रश्न इतिहासाच्या परीक्षेत कधी ना कधी आला पाहिजे.

तिसरी, चार प्रश्नांची. राजा कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या राज्याला मुलांनी चार प्रश्न विचारावेत. महसूल कोणाच्या घामातून आला? भिंत कोणी बांधली? पाणी कोणाला मिळाले? अक्षर कोणाला शिकवले? अशोकाला विचारा, अकबराला विचारा, पेशव्यांना विचारा, व्हिक्टोरियालाही विचारा. काही राजे एखाद्या प्रश्नात उत्तीर्ण होतील. चारही प्रश्नांत उत्तीर्ण होणारा क्वचितच सापडेल. मग मुलाला कोणाचा द्वेष करावा लागत नाही आणि कोणाची आरतीही ओवाळावी लागत नाही.

यावर काही मित्र म्हणतील, पाठ्यपुस्तकातून सुलतान आणि मुघल काढले तर आपले काय बिघडते? त्यांनी आपल्याला काय दिले? मी म्हणेन, आपलेच सर्वांत जास्त बिघडते. ती पाने गेली की बरनी जातो, आणि उच्चवर्णीयांची भीती सगळ्या धर्मांत सारखी असते हा पुरावा जातो. मलिक अंबर जातो, आणि संधी मिळाली तर बाजारात विकलेले पोर राज्य चालवते हा पुरावा जातो. बेदर जाते, आणि वतनाची बेडी किती जुनी आहे हा पुरावा जातो. दौलताबाद जाते, आणि त्याबरोबर तळ्याकाठचे बाबासाहेब जातात. आपला इतिहास स्वतंत्र दप्तरात लिहून ठेवलेला नाही. तो दुसऱ्यांच्या इतिहासाच्या समासात आहे. पान फाडले की समासही जातो.

त्या मुलीच्या प्रश्नाचे शेवटचे उत्तर सातवीच्या पुस्तकात नाही, ते पुढच्या इयत्तेत येते. गुलाम बादशहा झाला, कारण बादशहाला एकच माणूस बदलायचा होता. आपल्याला बादशहा व्हायचे नव्हते. आपल्याला ती उतरंडच नको होती. म्हणून आपल्यातला सर्वांत मोठा माणूस तख्तावर बसला नाही. तो कायदेपंडित झाला, आणि १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले. अमृतनाकाच्या सनदेत बावन्न हक्क होते आणि एकही माणूसपणाचा नव्हता. या एका कलमात माणूसपणाचा हक्क आहे. पहिली सनद बादशहाने खूश होऊन दिली होती; खुशी बदलली की ती जाऊ शकली असती. दुसरी आपण लढून लिहून घेतली आहे. तिची राखण करायची, तर आपल्या पोरांना दोन्ही सनदा वाचता आल्या पाहिजेत.